वाळत घातलेले पॅड

आई माझी ओळख करून देताना "फिजिओथेरपिस्ट आहे" एवढंच म्हणते आणि लगेच चहाचं विचारते. समोरचा माणूस गुडघा पुढे करतो. मग मी तो बघते. मुलुंडच्या आमच्या सोसायटीतले निम्मे गुडघे मी अशा रीतीने बघितले आहेत. माझं काम मात्र गुडघ्यांचं नाही. अंधेरीच्या एका युरॉलॉजी क्लिनिकमध्ये, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर ज्या पुरुषांची लघवी धरली जात नाही, त्यांच्याबरोबर मी काम करते. हे वाक्य मी मराठीत पहिल्यांदाच लिहिते आहे. हा लेख छापलेला अंक आईला मिळाला की ती हे पान पाहुण्यांसमोर उघडणार नाही, याची मला खात्री आहे.

शाळा इंग्लिश मीडियमची, पुढचं शिक्षणही तसंच. 'इन्कॉन्टिनन्स' हा शब्द मला पाठ होता, पण समोर बसलेल्या काकांना त्याचा काही उपयोग नव्हता. शब्द मला पेशंटनीच दिले. "गळतं." "नळाचा वॉशर गेलाय." "हसलो की वाट लागते, म्हणून हसायचं बंद केलंय." शेवटचं वाक्य घाटकोपरच्या एका कापड व्यापाऱ्याचं. ते सांगतानाही ते हसले नाहीत.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असणारी, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. तिला कॅन्सर झाला की बऱ्याचदा ती पूर्ण काढून टाकतात. तिथेच लघवी रोखून धरणारा स्नायू असतो, तो या कामात दुखावू शकतो. कॅन्सर जातो, घरी पेढे वाटले जातात, काही दिवसांनी लघवीची नळी काढतात, आणि मग माणसाला कळतं की उठताना, खोकताना, पिशवी उचलताना आपल्याला न विचारता लघवी होते आहे. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं. त्यासाठी व्यायाम असतात, आणि ते शिकवायला मी असते. "चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण आतून जसं आवळून धरतो ना, तसं धरा," हे वाक्य मी आता वडिलांच्या वयाच्या माणसांना सरळ त्यांच्याकडे बघून सांगू शकते. पहिलं वर्षभर मी ते भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगत असे.

वर्षभर व्यायाम करूनही ज्यांचं थांबत नाही, त्यांच्यासाठी ऑपरेशनं आहेत. हेच लोकांना माहीत नसतं. जीव वाचलाय ना, मग आता एवढ्याशा गोष्टीची तक्रार काय करायची, असं म्हणून माणसं वर्षानुवर्षं गप्प बसतात.

प्रोस्टेट काढल्यावर वर्षभर घरी व्यायाम करून झालेले विष्णू गावडेही असेच गप्प बसायच्या तयारीत होते. त्यांना त्यांच्या बायकोने आणलं.

गावडे काका-काकू दिंडोशीला राहतात. काकांचे वडील गिरणीत होते, काका स्वतः एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यातून निवृत्त झालेले. मूळ गाव मालवणजवळचं. माझ्या खोलीत आल्यावर त्यांनी खुर्चीकडे बघितलं, खिशातून घडी केलेली प्लॅस्टिकची शीट काढली, ती उलगडून खुर्चीवर नीट पसरली आणि मग बसले. शीट कुरकुरली.

"सवय हो," ते म्हणाले. "रिक्षावाल्यांच्या सीटा घाण असतात."

माझी खुर्ची रिक्षातली नव्हती.

"काका, दिवसाला किती पॅड लागतात?"

"लागतात एकदोन. तसा काय विशेष नाय."

काकू छताच्या पंख्याकडे बघत होत्या. लग्नाला चाळीसेक वर्षं झालेली बाई अशी पंख्याकडे बघायला लागली की काय समजायचं, ते या नोकरीत लवकर कळतं.

"तुम्हाला सगळ्यात जास्त अडतं कशात?" हा माझा नेहमीचा प्रश्न. लोक बहुधा प्रवास म्हणतात, लग्नसमारंभ म्हणतात, मंदिर म्हणतात.

काका म्हणाले, "मांडी घालून बसण्यात."

मग काकूच बोलल्या. काका भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. साधा पखवाज नव्हे, डबलबारीचा. मला डबलबारी माहीत नव्हती, तेव्हा दोघांनी मिळून मला ती समजावली. कोकणातल्या लोकांचा हा भजनाचा सामना. दोन बुवा, म्हणजे मुख्य गाणारे, आणि त्यांच्या दोन मंडळ्या, समोरासमोर. एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. देवाचं नाव असतंच, पण मधूनमधून एकमेकांची यथेच्छ खेचायची. तीन-तीन तास चालतं, आणि पखवाजवाल्याने मधेच उठायचं नसतं.

"उठलं तर काय होतं?" मी विचारलं.

"काय होता? समोरचो बुवा माईक हातात घेऊन सांगता, 'बघा मंडळी, आमच्या गजराक घाबरून पखवाज मुताक गेलो,'" काका म्हणाले. माझ्यासमोर कुठला शब्द निघाला ते लक्षात येऊन ते गप्प झाले.

"त्यात खोटं काय असतं मग यांच्या बाबतीत," काकू हळूच म्हणाल्या.

ऑपरेशनपासून काका एकदाही पखवाजावर बसले नव्हते. मंडळाला कारण सांगितलं नव्हतं. मंडळाचे परब बुवा, त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, घरी दोनदा येऊन गेले. काकांनी त्यांना "आता मन लागत नाही" असं सांगितलं. बुवांना वाटलं, कॅन्सरमधून उठल्यावर गावड्याला आपण नकोसे झालो. त्यांनी येणं बंद केलं. नालासोपाऱ्याचा एक तरुण आता यांच्या जागी वाजवत होता.

"पुढच्या गणपतीत मंडळाची मोठी बारी आहे," काकू म्हणाल्या. "त्यात हे बसले नाहीत ना, तर परत कधीच बसणार नाहीत. मला माहितीय."

काका शीटची कड सरळ करत राहिले.

अशा पेशंटची आम्ही बरीच तपासणी करतो. त्यातली एक फार साधी आहे, आणि बाहेरच्या माणसाला ती विचित्र वाटते. एक पूर्ण दिवस वापरलेले सगळे पॅड पेशंटने पिशवीत सीलबंद करून आणायचे. आम्ही ते काट्यावर ठेवतो. कोऱ्या पॅडचं वजन वजा केलं की दिवसभरात किती गळतं ते कळतं. माणूस तोंडाने "थोडंसंच" म्हणतो, काट्यापुढे लाजायचा प्रश्न नसतो. आणि या आकड्यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं.

कारण ऑपरेशनं मुख्यतः दोन. गळती कमी ते मध्यम असेल तर स्लिंग: जाळीदार कापडाची एक पट्टी मूत्रनलिकेच्या खाली बसवतात. ती नलिकेला आधार देते, जरा वर उचलून धरते. पेशंटला स्वतः काहीच करावं लागत नाही. गळती जास्त असेल तर मात्र ही पट्टी पुरी पडत नाही. तिथे कृत्रिम स्फिंक्टर, म्हणजे त्या स्नायूचं काम करणारं छोटं यंत्र, लागतो, त्याच्याबद्दल पुढे सांगते. तिसरा एक उपाय इंजेक्शनचा. नलिकेच्या आतल्या बाजूला एक पदार्थ टोचून ती जागा फुगवतात. त्याचा परिणाम पुरुषांमध्ये फार टिकत नाही, म्हणून आमचे सर, म्हणजे क्लिनिकचे युरॉलॉजिस्ट, तो क्वचितच सुचवतात. सांगायचं एवढंच, की जास्त गळणाऱ्याला स्लिंग बसवली तर ऑपरेशन होतं, टाके पडतात, खर्च होतो आणि माणूस ओलाच राहतो. मग दुसऱ्या ऑपरेशनला तयार होणारे थोडे.

पुढच्या आठवड्यात काकूंनी माझ्या टेबलावर साडीच्या दुकानाची एक पिशवी ठेवली. तिच्यात दुसरी पिशवी, तिच्यात आम्ही दिलेली झिपवाली पिशवी. आत पॅड चार घड्या घालून, एकावर एक रचून, वर रबर लावलेलं. इस्त्रीच्या दुकानातून रुमाल यावेत तसे.

मी वजन केलं. जवळजवळ कोऱ्या पॅडइतकंच.

सरांनी आकडा बघितला. आमचे सर मोजकंच बोलतात, आणि चांगली बातमी असली तरच दोन शब्द जास्त. "वा! हे तर फारच कमी आहे. गावडे, तुमचं स्लिंगवर काम होईल. बाकीच्या तपासण्या उरकून तारीख घेऊ."

काका खूश झाले. "बघ," ते काकूंना म्हणाले, "उगाच घाबरवत होतीस." काकूही खूश. दोघं खुर्च्यांवरून उठले, आणि काकांनी शीट उचलून, खिशातल्या रुमालाने घाईघाईने पुसून, घडी करून खिशात घातली.

ते दोघं बाहेर गेल्यावर मी हातमोजे घालून पॅड कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकत होते. ते कडक होते. रात्री भिजवून सकाळी वाळलेल्या कपड्याला एक ताठरपणा येतो, तसे. आणि त्यांना चंदनाच्या पावडरचा वास येत होता.

डॉक्टरांना मधे अडवणं हे मला कॉलेजपासून जमलेलं नाही. पण तो वास नाकात घेऊन मी गप्प राहू शकत नव्हते.

"सर, तारीख जरा नंतर ठरवू या?"

"का?"

"पावडरचा वास येतोय."

"कशाला?"

"पॅडना."

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग काका बसले होते त्या खुर्चीकडे बघितलं. "विचार त्यांना," ते म्हणाले. "काकांना नको. काकूंना."

काकू बाहेर पाण्याच्या कूलरपाशी उभ्या होत्या. मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "काय गं, काही राहिलं का?"

"काकू, पॅड वापरून झाला की लगेच पिशवीत ठेवला होतात ना?"

"लगेच?" त्यांना माझाच संशय आला. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला, आणि त्याबरोबर भाषाही घरची झाली. "ओलोच कसो देवचो गे बाय? डॉक्टरांच्या टेबलार? लाज नाय वाटाची?"

"मग?"

"मग काय, वाळवले. गॅलरीत दोरीवर. समोरच्या बिल्डिंगवाल्यांना दिसायला नको म्हणून वरून ह्यांचा जुना टॉवेल घातला. मग पावडर मारली, घडी केली." आणि मग, अगदी सहज, "तुला हात लावायचा होता ना त्याला."

मी कूलरचा नळ उगाचच उघडून बंद केला. माझ्या कामाची एवढी काळजी आजवर कुणी केली नव्हती, आणि त्या काळजीपायीच सगळी तपासणी फुकट गेली होती.

"काकू, आम्ही ओलंच मोजतो. किती ओलं आहे, त्यावर कुठलं ऑपरेशन ते ठरतं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे माझ्यामुळे चुकीचं केलं असतं त्यांनी?"

"तुमच्यामुळे नाही. सूचनांच्या कागदावर 'वाळवू नका' असं कुठे लिहिलंय? कुणी वाळवेल, असं आमच्या डोक्यातच आलं नाही."

"कशाला येईल," काकू म्हणाल्या. "तो कागद बनवणाऱ्याने कधी घरातलं ओलं बाहेर नेलं नसेल." जरा वेळाने पुन्हा म्हणाल्या, "आणि एक सांगते. ह्यांना बोलू नकोस मी सांगितलं म्हणून. त्या दिवशी हे पाणीच प्यायले नाहीत. नुसता उपास. म्हणाले, टेस्ट आहे, पास व्हायला पाहिजे."

मी दोघांना पुन्हा खोलीत नेलं. शीट पुन्हा पसरली गेली.  मी म्हटलं, "काका, ही टेस्ट नापास व्हायची आहे. रोजच्यासारखं पाणी प्या, चहा प्या, पिशवी उचला, जिने चढा. जेवढे नापास व्हाल तेवढं आम्हाला बरं."

काका हसले. पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. आणि हसता हसता ते एकदम थांबले, दोन्ही हात मांडीवर दाबले आणि खाली बघत राहिले. शीटने आपलं काम केलं. त्या क्षणी काट्याची गरजच उरली नव्हती, पण सरांना आकडा लागतो.

दुसऱ्या वेळची पिशवी काकूंनी एकेरीच आणली, आणि टेबलावर ठेवताना मान वळवली. या वेळी काटा बराच पुढे गेला. सरांनी दुर्बिणीने आतून तपासणी केली, मूत्राशयाचा दाब बघितला. मूत्राशय चांगलं होतं, दोष स्नायूतच होता. स्लिंग बाद झाली.

सरांच्या ड्रॉवरमध्ये कृत्रिम स्फिंक्टरचा एक नमुना असतो. बघितलं तर खेळणं वाटेल. एक छोटं कडं, एक द्राक्षापेक्षा थोडा मोठा पंप आणि एक फुगा, तिन्ही बारीक नळ्यांनी जोडलेले, आत पाणी. कडं मूत्रनलिकेभोवती बसतं आणि तिला दाबून बंद ठेवतं. फुगा पोटात खाली असतो. पंप अंडकोषाच्या पिशवीत ठेवतात, म्हणजे बाहेरून कुणाला दिसत नाही आणि हाताला मात्र लागतो. लघवी करायची असली की पंप बोटांनी काही वेळा दाबायचा. कड्यातलं पाणी फुग्यात जातं, वाट मोकळी होते. दोन-तीन मिनिटांत पाणी आपोआप परत येतं आणि कडं पुन्हा बंद. बॅटरी नाही, वायर नाही. मी हा नमुना कितीतरी वेळा हातात घेतला आहे, आणि दर वेळी ज्याने हे पहिल्यांदा बनवलं असेल त्याला मनातल्या मनात नमस्कार केला आहे.

काकांनी तो बघितला आणि परत ठेवला. "माझ्यात मशीन बसवणार?"

"छोटंसं," सर म्हणाले.

"आणि बिघडलं तर?"

"काही वर्षांनी बिघडू शकतं. बदलता येतं. जंतुसंसर्ग झाला तर काढावं लागतं. हे सगळं मी आधीच सांगून ठेवतो." सर कधीच गोड बोलून ऑपरेशन विकत नाहीत, म्हणून मी इथे टिकले आहे. "आता हा पंप टेबलाखाली धरा. न बघता दाबून दाखवा."

ही परीक्षा सर प्रत्येकाची घेतात, आणि ही खरोखर पास व्हायची असते. पंप न बघता, नुसत्या बोटांनी चालवता आला पाहिजे. मुलुंडचे एक निवृत्त शिक्षक इथेच अडकले होते. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर ते कित्येक वर्षं घराबाहेर पडले नव्हते, कारण यावर इलाज असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे आले तोवर हात थरथरायला लागले होते. पंप त्यांच्या बोटांतून निसटत राहिला. त्यांनी तो तीन वेळा उचलला आणि मग मला म्हणाले, "बाळ, उशीर केला मी." उशीर त्यांनी केला नव्हता. आम्ही सगळ्यांनी मिळून केला होता. त्यांना चांगले पॅड आणि बाहेरून लावायची पिशवी याच्यापलीकडे आम्ही काही देऊ शकलो नाही.

गावडे काकांनी पंप टेबलाखाली नेला. त्यांचा चेहरा बदलला. डोळे कुठेतरी समोर लागले, मान किंचित कलली. पखवाज वाजवणारा माणूस हातांकडे बघत नाही, हे मला तेव्हा कळलं. टेबलावरच्या कड्यातलं पाणी सरसर निघून गेलं.

"बोटं तयार आहेत तुमची," सर म्हणाले.

"आयुष्यभर हेच केलंय," काका म्हणाले. मग नमुना टेबलावर ठेवत त्यांनी विचारलं, "सर, मांडी घालून तीन तास?"

"खाली मऊ आसन घ्या. आणि मधे एकदा उठा. सायकल मात्र बंद."

"सायकल मी कधी चालवलीच नाय."

"मग सोडून द्या."

"पण सर, डबलबारीत मधे उठायचं नसतं."

"गावडे," सर म्हणाले, "यंत्र मी बसवतो. तुमच्या बुवांचं तोंड बंद करायचं यंत्र माझ्याकडे नाही."

ऑपरेशन हिवाळ्यात झालं. त्यानंतरचा दीड महिना पेशंटसाठी फार कठीण असतो, कारण आतली जखम भरेपर्यंत यंत्र चालू करत नाहीत, कडं उघडंच ठेवतात. म्हणजे सगळं सोसून झालं तरी गळती तशीच. या काळात मला रोज फोन येतात. "मॅडम, काही फरक नाही." फरक पडणारच नाही, यंत्र अजून चालू केलेलं नाही, हे मी रोज सांगते. काकांचा फोन एकदाही आला नाही. काकूंचा यायचा, आणि त्या नेहमी एकच विचारायच्या, "अजून नाही ना गं चालू? म्हणजे बरोबर आहे ना?" बरोबर आहे म्हटलं की ठेवून द्यायच्या.

यंत्र सुरू करायच्या दिवशी सरांनी आत पडद्यामागे काकांना शिकवलं. मी आणि काकू बाहेर होतो.  पडद्यामागे काका मुद्दाम खोकले. पुन्हा खोकले. मग जोरात. मग ते बाहेर येऊन कॉरिडॉरमध्ये इकडून तिकडे चालले, खाली वाकले, काकूंची जड पर्स उचलून बघितली, आणि काकूंना म्हणाले, "हसव मला काहीतरी सांगून."

"मला नाही येत असलं," काकू म्हणाल्या आणि रडायला लागल्या. त्यावर काका हसले. हसून थांबले, हात मांडीकडे गेले, आणि तिथेच थबकले. काहीच झालं नव्हतं. लगेच ते पुन्हा हसले, या वेळी अगदी निवांत.

अगदी कोरडं कुणालाच करता येत नाही, हेही लिहायला हवं. जोराने उठताना एखादा थेंब येतो, म्हणून काका एक पातळ पॅड अजून लावतात. पण थेंब आणि नळ यांत आयुष्याचा फरक असतो.

घरी जाताना आम्ही अशा पेशंटला एक कार्ड देतो. या माणसाला कृत्रिम स्फिंक्टर बसवलेला आहे, त्याचं कडं आधी उघडून ठेवल्याशिवाय लघवीची नळी घालू नये. हे मी सगळ्यांना अनेकदा बजावते, कारण बंद कड्यातून कुणी जोर करून नळी घातली तर नलिका जखमी होऊ शकते, आणि मग सगळं यंत्र काढण्याची वेळ येते. काकांनी कार्ड पाकिटात ठेवलं. काकूंनी माझ्याकडून तेच तीनदा म्हणून घेतलं.

जुलैमध्ये एका दुपारी काकूंचा फोन आला. काकांना तापाने घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये दाखल केलं होतं. काका ग्लानीत होते. फोनवर मागून गलका ऐकू येत होता.

"ऐक गं, ही माणसं नळी घालतो म्हणतायत."

"मावशी, बाजूला व्हा ना, लघवी मोजायची आहे," मागून एक बाईचा आवाज.

"नाही व्हायची मी बाजूला."

"अहो, सगळ्यांनाच घालतात."

"सगळ्यांना घालत असाल!" काकूंचा आवाज चढला. जी बाई टॉवेलाखाली पॅड वाळवायची, तिचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. "माझ्या नवऱ्याच्या लघवीच्या वाटेला मशीन बसवलंय! लघवीच्या! ऐकलंत? ते उघडल्याशिवाय नळी घालाल तर मी इथून हलायची नाही. आधी आमच्या डॉक्टरांशी बोला!"

 मी धावत सरांच्या केबिनमध्ये गेले आणि फोन त्यांच्या हातात दिला. सर तिथल्या डॉक्टरांशी बोलले. तिथल्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. नळीची गरजच नव्हती. काकांना जागं केलं, त्यांनी स्वतः पंप दाबला आणि भांड्यात लघवी केली. मोजायची होती, मोजली गेली.

फोन ठेवण्यापूर्वी काकू मला म्हणाल्या, "सगळा वॉर्ड बघत होता गं माझ्याकडे."

"मग?"

"मग काय. बघू दे."

ताप उतरल्यावर काका स्वतः परब बुवांच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. काकू म्हणाल्या, बुवांनी आधी शिव्या दिल्या आणि मग विचारलं, "येवढाच होता? माका वाटला, माझा काय चुकला."

गणपतीतल्या रविवारी मला बारीचं आमंत्रण आलं. मी अशा ठिकाणी जात नाही. अनोळखी माणसांत मला नुसतं उभं राहायचंही दडपण येतं. पण दिंडोशीच्या त्या मैदानाच्या कडेला मी पोचले, तेव्हा समोरच्या मंडळाचा गजर रंगात आला होता, आणि मंचावर डाव्या बाजूला काका मांडी घालून बसलेले होते. खाली जाड उशी. नालासोपाऱ्याचा तरुण त्यांच्या मागे बसून झांजा वाजवत होता. काकांनी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावली, दाबली, एक थाप मारून ऐकली, थोडी कणीक काढली. मग त्यांचे डोळे कुठेतरी समोर लागले.

त्यानंतर काय वाजलं ते मला सांगता येणार नाही. मला ताल कळत नाही. मला एवढंच दिसलं, की तो माणूस संपूर्ण तिथे होता. मनातला एक कोपराही खाली, मांडीकडे लागलेला नव्हता.

तासाभराने बारी समोरच्या मंडळाकडे गेली आणि काका उठले. सगळ्यांच्या देखत, सावकाश. समोरच्या बुवांनी माईक ओढला. "बघा मंडळी, गावडे पळाले! दोन वर्षं पळालेलेच होते, आता परत पळाले!"

लोक हसले. काका मंचाच्या पायरीवर थांबले, मागे वळले, आणि परब बुवांचा माईक मागून घेतला. "बुवा, गातच राहा. मी पंप मारून येतो. परत आलो की तुमची हवा काढतो."

मैदान पुन्हा हसलं. त्यांना वाटलं, हा नेहमीचाच टोला. परब बुवा मात्र इतके हसले की पेटीवर डोकं टेकलं.

माझा हात कुणीतरी धरला. काकू होत्या. "उभी काय गं? बस ना." दुपारी पावसाची एक सर येऊन गेली होती. मोकळी खुर्ची होती, पण ओली. मी "राहू दे" म्हणत होते. काकूंनी पर्स उघडली, आतून ती प्लॅस्टिकची शीट काढली, झटकली आणि माझ्या खुर्चीवर नीट पसरली.

"अजून ठेवता?" मी विचारलं.

"असू दे. कोणाला तरी लागते," काकू म्हणाल्या. "बस."

मी बसले. शीट कुरकुरली. मंचावर काका परत येऊन मांडी घालत होते.